बाबांचे कान

लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं की सासरे माझ्यावर रागावलेत. 'च्या दे' एवढंच म्हणायचे, पण इतक्या मोठ्यानं की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. माझ्या माहेरी एवढा आवाज फक्त भांडणात निघायचा. शेवटी सासूबाईंनीच मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "लूमवरची मानसं अशीच बोलतात गं. ते ओरडत न्हाय, बोलतात."

बाबा जॉबर होते. लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडला की तो खोलायचा, बिघाड शोधायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. दिघाशी गावातून ते सतराव्या वर्षी इथे आले आणि एकाच कारखान्यात त्यांनी सगळी उमर काढली. कारखाना इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्याचा. शेठ बाबांच्याच वयाचे. दोघं बरोबरच काम शिकलेले, एक मालकाचा मुलगा म्हणून आणि एक हेल्पर म्हणून. त्यामुळे बाकीचे कामगार त्यांना शेठ म्हणत आणि बाबा अरे-तुरे करत.

घरात बाबांना कोणाची मदत लागायची नाही. पहाटे उठून पिण्याचं पाणी भरायचं, दूध आणायचं, तीन बत्तीच्या बाजारातून भाजी आणि मासळी आणायची, ही सगळी त्यांची कामं. बोंबील घेताना ते एकेक उचलून बघायचे आणि कोळीण वैतागायची. महिन्यातून एकदा एसटीनं एकटे वज्रेश्वरीला जायचे, गरम कुंडात गुडघे बुडवून बसायचे, संध्याकाळी परत. आम्ही कोणी बरोबर येऊ का विचारलं तर म्हणायचे, "तुमचं काय काम तिथं?"

सासूबाईंची बाबांशी बोलायची एक पद्धत होती. लांबून हाक मारून त्या काही सांगायच्या नाहीत. हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन बसायच्या, गुडघ्यावर हात ठेवायच्या, त्यांनी वर बघितलं की मग सावकाश बोलायच्या. बाहेरचं कोणी आलं आणि काही बोललं की त्या तेच पुन्हा बाबांना सांगायच्या, "ते विचारतात, गावाला कधी जानार." आम्हाला ती नवराबायकोची जुन्या वळणाची रीत वाटायची. मला तर कधी कधी हसू यायचं. बाबांना ऐकू येत नाही आणि सासूबाई वर्षानुवर्षं त्यांचे कान झाल्यात, हे त्याच घरात राहून आम्हाला कळलं नाही.

आधी कारखाना बंद झाला. शेठच्या मुलांना धंद्यात रस नव्हता, लूम भंगारात गेले. बाबा घरी बसले. त्यानंतर दीड वर्षानं सासूबाई गेल्या, चार दिवसांच्या तापात. बाबा रडले नाहीत. पण बोलायचे थांबले. जेवायला हाक मारली तर यायचे नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं की उठायचे. विचारलं एक तर उत्तर भलतंच. मी म्हणायची, "बाबा, उद्या डॉक्टरकडे जायचंय," आणि ते म्हणायचे, "हो, संपलाय, आनतो मी."

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. सकाळी सातला मला तिथं असावं लागतं. नवरा मानकोलीला गोदामात, त्याच्या शिफ्ट बदलत्या. मुलगी पुण्याला शिकायला. एक दिवस मी कुकर लावून निघाले आणि बाबांना सांगितलं, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." त्यांनी मान डोलावली. दुपारी परत आले तर जिन्यातच जळका वास. शेजारणीनं दार ठोठावून ठोठावून शेवटी आम्ही तिच्याकडे ठेवलेल्या किल्लीनं दार उघडून गॅस बंद केला होता. भाताचा कोळसा झाला होता. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते.

"शिट्टी झालीच न्हाय," ते म्हणाले.

"अहो बाबा, सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेली."

"न्हाय झाली," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर धरला.

त्या रात्री नवरा मला म्हणाला, "आई गेल्यापासून बाबांचं डोकं जागेवर नाही." मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाबांना गॅसला हात लावू दिला नाही.

महिन्याभरात वज्रेश्वरीचं झालं. बाबा नेहमीसारखे एसटी स्टँडवर गेले आणि वाड्याला जाणाऱ्या गाडीत बसले. ती गाडी वज्रेश्वरीला वळत नाही, हे कंडक्टरनं ओरडून सांगितलं होतं म्हणे. वज्रेश्वरीचा फाटा, अंबाडी, आला, गाडी सरळ पुढे निघाली, बाबा बसून राहिले. कुडूसला उतरले. तिथल्या एका दुकानदारानं त्यांना विचारलं, कुठे जायचंय, घर कुठे, मुलगा काय करतो. बाबांनी काहीबाही उत्तरं दिली असावीत. खिशातल्या डायरीत नंबर बघून त्यानं माझ्या नवऱ्याला फोन केला, "तुमचे वडील चुकलेत. त्यांना काही समजत नाही. घेऊन जा."

नवरा अर्धी ड्युटी टाकून गेला. घरी आल्यावर त्यानं बाबांची डायरी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि म्हणाला, "आता बस झालं. एकट्यानं कुठे जायचं नाही."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय ते कळलं असेल. ते आत जाऊन पडले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आम्ही हे सगळं सांगितलं. त्यांनी शुगर तपासली, थोडी वाढली होती. एक गोळी सुरू केली, आणखी एक शक्तीची दिली आणि म्हणाले, "वय झालं. जोडीदार गेला की माणूस खचतो. लक्ष ठेवा." आम्ही लक्ष ठेवलं. ते कसं ठेवलं ते आज लिहिताना मला जड जातंय.

बाजार बंद केला, कारण गाडीचा हॉर्न वाजला तरी ते बाजूला होत नाहीत असं कोणीतरी सांगितलं. दूध मी घरपोच लावलं. पाण्यासाठी फिल्टर घेतला. मी शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले, ते बाहेर पडून हरवू नयेत म्हणून. सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, बोटं जरा कडक झाली होती. मला सात वाजता पोचायचं असायचं, म्हणून बटणं मी लावायला लागले. मग शर्टच नको म्हणून टी-शर्ट आणले. नाडीचे पायजमे काढून इलॅस्टिकचे आणले. आंघोळीला ते अर्धा तास घ्यायचे, नवऱ्यानं स्वतः दहा मिनिटांत उरकून द्यायला सुरुवात केली. यातलं एकही काम बाबांना येत नव्हतं असं नाही. त्यांना वेळ लागत होता आणि आम्हाला वेळ नव्हता.

माणूस दिवसभर एका खुर्चीत बसला की त्याच्या पायांचं काय होतं ते वर्षभरात दिसलं. भिंतीला हात लावल्याशिवाय बाबांना उठता येईना. मोरीच्या उंबऱ्याला अडखळून एकदा पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर मोरीत जायच्या आधी ते उंबऱ्याशी थांबून राहायचे, एक पाय उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. मग कोणी येऊन दंड धरेपर्यंत तसेच उभे. मी शाळेत असताना कोण येणार? म्हणून डायपर सुरू झाले. पहिल्या दिवशी नवऱ्यानं ते बांधलं तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

आणि आम्ही त्यांच्यासमोर बोलायला लागलो. ते समोर बसलेले असताना, त्यांच्याबद्दल. आज पोट साफ झालं का, किती डायपर लागले, नणंदेकडे महिनाभर पाठवायचं का, तिचा नवरा काय म्हणतो. खुर्चीबद्दल बोलावं तसं. त्यांना कळत नाही अशी आमची खात्री होती.

मग एके दिवशी दुपारी लाईट गेली. आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून लूम आहेत, सात-आठ शेड. त्यांची खडखड चोवीस तास घरात असते. इतकी की ती आहे हे आम्ही विसरतो. लाईट गेली की सगळे लूम एकदम थांबतात आणि कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मी बाबांच्या खुर्चीशेजारीच ओणवून खालचं कपाट आवरत होते. स्वतःशीच म्हणाले, "टॉर्च कुठे ठेवला कोण जाणे."

"फ्रीजवर हाय," बाबा म्हणाले. "डब्याच्या मागं."

मी फ्रीजवर डब्यामागे हात घातला. टॉर्च होता.

मी परत येऊन त्यांच्यासमोर बसले. सावकाश विचारलं, "बाबा, काल आपल्याकडे कोण आलं होतं?" त्यांनी सांगितलं. "त्यानं काय आणलं होतं?" "केळी. दोन सडकी होती." मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. पुण्याला नात कोणत्या वर्षाला आहे ते सांगितलं. सासूबाईंना जाऊन किती महिने झाले ते सांगितलं. मग लाईट आली, मागचे लूम सुरू झाले, मी पुढचा प्रश्न विचारला आणि ते म्हणाले, "हां हां, जेवलो." मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

कानाच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं, बराच वेळ. बाहेर येऊन मला विचारलं, "यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला किती वर्षांपासून माहीत आहे?"

मी म्हणाले, "आम्हाला वाटत होतं ते विसरतात."

त्यांनी कागदावरची रेघ दाखवली, ती कशी खाली घसरत गेलीय ते. लूमच्या आवाजात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचे कान असेच होतात, म्हणाल्या. शांत खोलीत, समोरून, जवळून बोललं तर त्यांना थोडं कळणार, मागे आवाज असेल तर काहीच नाही. "विसरणंही थोडं असेल," त्या म्हणाल्या, "पण ज्याला ऐकूच येत नाही त्याची परीक्षा तुम्ही कशी घेणार?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? ते म्हणाले, "लूमवर समद्यांनाच कमी ऐकू येतं. त्यात सांगायचं काय?"

कानाला ऐकायचं मशीन लावलं त्या दिवशी बाबा सारखे इकडेतिकडे बघत होते. पंखा वाजतो हे त्यांना नवीन होतं. पोळी तव्यावर टाकली तर म्हणाले, "हे काय वाजलं?" जिन्यात कोणीतरी चपला घासत गेलं तर ते हसले. संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन आला, तिच्याशी ते दहा मिनिटं बोलले, आणि हळू आवाजात. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

चौथ्या दिवशी माझ्या बहिणीचा फोन आला. रविवार होता, लाईट गेल्यानं मागचे लूम थांबलेले. मी स्वयंपाकघरात होते, बाबा बाहेरच्या खोलीत. मध्ये भिंत आहे, दार नाही. बहीण म्हणाली, दमलेली वाटतेस. मी खरंच दमले होते. आदल्या आठवड्यात शाळेत रोज उशीर झाला होता, त्या दिवशी सकाळी दोनदा चादर बदलली होती. मी म्हणाले, "अगं, लहान पोराचं केलं तर ते निदान मोठं तरी होतं. इथे रोज थोडं थोडं मागेच चाललंय. कधी सुटका होणार देव जाणे." आणि आणखीही काही बोलले. तसं मी वर्षभर बोलतच होते.

चहा घेऊन बाहेर गेले तर बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. टीव्ही बंद होता. मी चहा पुढे केला. ते म्हणाले, "ठेव तिथं." मला काहीच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मशीन डबीत. "बाबा, लावा ना," नवरा म्हणाला. "खुपतं," बाबा म्हणाले. आम्ही दोनदा त्यांना घेऊन गेलो, मशीनवाल्यानं कानात बसणारा भाग घासून दिला, बदलून दिला. तरी खुपतच होतं. शेवटी एका दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, सासूबाई बसायच्या तशी, आणि डबी दाखवून मोठ्यानं म्हणाले, "कुठे खुपतं ते मला बोट लावून दाखवा."

त्यांनी डबी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कानात न्हाय खुपत, बाय."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"तू फोनवर बोललीस त्या दिवशी. पोराचं केलं तर पोर मोठा तरी होतो." त्यांनी माझंच वाक्य मला सांगितलं. "खोटं न्हाय बोललीस. मी रागात न्हाय. पन ऐकू येत नव्हतं ना, तवा मला वाटायचं, तुमी दोघं आपलं घरातलं बोलताय. भाजीचं, शाळेचं. त्यात मीच हाय, ते मला आता कळलं."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"काय?"

"बाबा, चुकलं माझं."

त्यांनी कानामागे हात धरला. मागे लूम चालू होते. मला तिसऱ्यांदा ते ओरडून म्हणावं लागलं. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं इतक्या मोठ्यानं. बाबांनी मान हलवली. "असू दे," म्हणाले. "तुझी शाळा असती. दमतेस तू."

त्यानंतर मी पुष्कळ प्रयत्न केले. बाहेरचं कुलूप काढलं. नाडीचा पायजमा परत आणला, शर्ट परत आणले आणि बटणं लावायला त्यांना लागेल तेवढा वेळ द्यायचं ठरवलं. शाळेत सांगून अर्धा तास उशिरा जायची परवानगी घेतली. लसूण सोलायला दिला, कोथिंबीर निवडायला दिली. ते करायचे. पण मी काय करते आहे ते त्यांना समजत होतं आणि त्यामुळे त्यात मजा राहिली नव्हती. एकदा सोललेला लसूण पुढे करत म्हणाले, "घे. झालं काम माझं."

मग मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं, वज्रेश्वरीला जाऊया. एसटीनं. तुम्ही पुढे बसा, मी मागे बसते, तिकीट तुम्हीच काढा. हे ऐकून मात्र त्यांचा चेहरा उजळला. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः पंचा आणि कपडे पिशवीत भरले. सकाळी दाढी केली, हनुवटीवर थोडं कापलं.

स्टँडवर गाडी लागली. गर्दी फार नव्हती. बाबा दाराशी गेले, दोन्ही हातांनी दांडा पकडला आणि उजवा पाय उचलला. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. पाय पायरीच्या काठाला लागला आणि खाली आला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा खाली. मागे पाच-सहा माणसं जमली. एक बाई म्हणाली, "आजोबा, हळू." कंडक्टर आतून म्हणाला, "चढताय का बाजूला होताय?" मी मागून त्यांच्या कमरेला हात लावून वर ढकललं.

"सोड," बाबा म्हणाले.

मी सोडलं नाही. मला वाटलं एवढी एक पायरी झाली की झालं.

"सोड म्हंतो ना!" तो जुना आवाज होता, लूमवरचा. सगळं स्टँड आमच्याकडे बघायला लागलं. मी हात काढला. बाबा दांडा सोडून, एकेक पाऊल टाकत मागे आले आणि बाकावर बसले. लोक चढले, गाडी निघून गेली. मी त्यांच्याशेजारी बसले. तासभर बसलो असू. दोन गाड्या आणखी लागल्या आणि गेल्या. मग ते म्हणाले, "घरी चल."

घरी आल्यावर त्यांनी पिशवीतले कपडे काढून परत कपाटात ठेवले, घड्या न मोडता. त्यानंतर कधी बाहेर जायचं नाव काढलं नाही.

मशीन ते एकाच माणसासाठी लावायचे. शेठ महिन्यातून दोनदा, शुक्रवारची नमाज झाली की, भेटायला यायचे. ते दार वाजवायच्या आधीच, वेळ झाली की, बाबा डबी मागायचे, कडक झालेल्या बोटांनी मशीन बसवायचे. माझी मदत घ्यायचे नाहीत. मग दोघं म्हातारे बोलत बसायचे. कोणता कामगार मुलुखाला गेला तो परत आलाच नाही, कोणाची मुलं काय करतात. बाबांचं हसणं ऐकू यायचं. मी तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघरात थांबायची. शेठ गेले की मशीन पुन्हा डबीत.

असं आठ-नऊ महिने चाललं असेल. मग एका थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला, बारा दिवस दवाखान्यात होते, आणि घरी आले ते दुसरेच होऊन आले. आता ते खरंच विसरायला लागले. शर्टाचं बटण बोटांत धरून बसायचे आणि याचं काय करायचं ते त्यांना आठवायचं नाही. घास तोंडात राहायचा. शेठ आले तर त्यांच्याकडे ओळखीचं हसायचे, पण डबी मागायचे नाहीत. मी मशीन कानात घातलं तर काढून मुठीत धरायचे.

मी पुन्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. विचारलं, हे आमच्यामुळे झालं का? दोन वर्षं त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही, त्यांना काही करू दिलं नाही, म्हणून झालं का? डॉक्टर म्हणाले, न ऐकण्यानं आणि एकटं पडण्यानं मेंदूवर परिणाम होतो, हे खरं. पण आतून आधीच सुरू झालेलं असेल, आजारपणानं वाढलं असेल. नक्की कोणी सांगू शकणार नाही. मला नक्की हवं होतं. कसंही का असेना. जे नसतानाही आहे असं आम्ही धरून चाललो होतो ते शेवटी खरं झालं, एवढंच माझ्या हाती आलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुपारची वेळ होती, मी घरात होते. श्वास लांबत गेला आणि थांबला. दिघाशीला नेलं, तिथेच सगळं केलं. दहा दिवस माणसं येत राहिली. सगळी म्हणायची, सुटले बिचारे. आणि मला म्हणायची, तुम्ही खूप केलंत हो, पोटच्या पोरी करत नाहीत एवढं. मी मान खाली घालून चहा द्यायची. नवरा खुर्च्या मांडायचा. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी अजून नीट बोललेलो नाही.

तेराव्यानंतर शेठ आले. खाली रिक्षा थांबलेली दिसली म्हणून मी जिन्यात गेले. ते कठड्याला धरून चढत होते. दोन पायऱ्या झाल्या की थांबत होते. माझा हात आपोआप पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"हात देऊ का, चाचा?" मी विचारलं.

"नको पोरी. वेळ लागंल, पन चढतो."

मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून उभी राहिले. दुसऱ्या मजल्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. वरून कोणीतरी उतरत होतं, तेही थांबून राहिलं.

घरात येऊन ते टेकले, पाणी प्यायले. मी त्यांना सगळं सांगितलं. फोनवरचं बोलणं, स्टँडवरचं, सगळं. का सांगितलं माहीत नाही, दुसऱ्या कोणाला सांगता आलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, "त्याला ऐकू येत नव्हतं ते मला कारखान्यातच ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वीच. आम्ही चेष्टा करायचो, हातवारे करून बोलायचो. मी कधी त्याला डाक्टरला दाखवला न्हाय. कानाला लावायला कधी काय दिलं न्हाय. कापसाचा बोळासुद्धा न्हाय. लूम माझे होते."

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसले.

"तुझ्या एकटीचं न्हाय, पोरी," ते म्हणाले.

त्यानं माझं ओझं हलकं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत पहिल्यांदाच मी रडले. ते तसेच बसून राहिले, मला 'रडू नको' म्हणाले नाहीत. चहा करायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही आणि त्यांनीही मागितला नाही.